आमच्या पेठेतले पाणी सोडणारे काका : आठवणी लिहा

नारायण पेठेत वर्षानुवर्षं पाणी सोडणारे काका मागच्या आठवड्यात गेले. महापालिकेतून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता, त्यामुळे नव्या सोसायट्यांतल्या मंडळींना ते माहीत नसतील. घरच्यांनी नाव छापू नका म्हटलंय, तेव्हा 'काका' पुरे. चौकाला नाव वगैरे लागणार नाही (पुण्यात बिननावाचा चौक शिल्लक आहे कुठे?). ज्याला जे आठवतंय ते लिहा. नुसतं 'देवमाणूस होते' नको, प्रसंग हवा.

सुरुवात मी करतो. गुरुवारी पाणी बंद, 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल', ही ओळ पुणेकराला तोंडपाठ. पण उशिरा म्हणजे किती, हे फक्त काका सांगायचे. "पर्वतीवरून सुटलं की आधी नळ फुसफुसेल. हंडा लावू नका. गढूळ जाऊ द्या, मग भरा." त्यांनी साडेनऊ सांगितलं की आई साडेनऊलाच उठायची नळाशी.

ओंकारेश्वराच्या बाजूला राहणारी
आमचं घर गल्लीच्या पार टोकाला. पुढचे भरून घेणार, आमच्याकडे करंगळीएवढी धार. आजी रोज काकांशी भांडायची. एकदा ते चेंबरचं झाकण उचलून, लांब लोखंडी चावी खाली सोडून, तिच्या दांड्याला कान लावून बसले. मला वाटलं बरं नाही वाटत. ते म्हणाले, "ऐकतोय. पाणी पुढं जातंय का मधेच कुठं गळतंय ते कळतं." मलाही कान लावायला दिला. घरघर ऐकू आली, बाकी काही कळलं नाही. त्यांना मात्र कळलं असावं, कारण पुढे दोन घरं सोडून रस्ता उकरला आणि फुटकी जोडणी सापडली.

शनिवार पेठ, जुना भाडेकरू
गोड गोड लिहिताय म्हणून सांगतो, तोंडाने फटकळ होते. आमच्या मालकांनी थेट लाईनलाच मोटर लावली होती. काका भर जिन्यात उभं राहून, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं बोलले, "तुम्ही ओढताय ते म्हातारीच्या नळातलं आहे." मालक चहाला या म्हणाले. ते आले नाहीत. दिवाळीची पोस्तसुद्धा त्या घरून घेतली नाही, बाकीच्यांची घ्यायचे.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
पानशेत फुटलं तेव्हा, 12 जुलै 1961 ला, ते शाळकरी होते. नदीकाठी राहायचे. पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटलं, त्यांचं घर गेलं. पुराबद्दल कधी फार बोलले नाहीत. एवढंच म्हणायचे, "बाई, सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही." माझ्या वर्गातल्या पोरांना ते धरणांची नावं म्हणायला लावायचे : खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. भूगोलाच्या तासाला मला फार शिकवावं लागलं नाही.

त्यांच्या हाताखाली लागलेला
वर लिहिलंय ते ऐकण्याचं खरं आहे, पण त्यांचं खरं काम आट्यांचं. प्रत्येक व्हॉल्व्हचे किती आटे उघडले की टोकापर्यंत पाणी जातं, हे त्यांच्या डोक्यात. पूर्ण उघडला तर जवळचे न्हाऊन निघतात आणि लांबचे कोरडे. मला डोळे मिटून चावी फिरवायला लावायचे, मोजायचं मोठ्याने. भसकन फिरवली की ओरडायचे, पाणी दणका देतं आणि जुना पाईप फुटतो.

मी ते सगळे आकडे वहीत उतरवलेत. आता तिथे असलेल्या मुलाला वही देणार आहे. पण लक्ष्मी रोडच्या अलीकडच्या बोळातला एक चेंबर काँक्रीटखाली गेलाय. काकांनी मला दाखवला होता, तेव्हा समोर पिठाची गिरणी होती. आता गिरणी नाही, वाडाही नाही. ती नेमकी कुठे होती, कुणाला आठवत असेल तर लिहा.