'सगळं धरून' म्हणजे नक्की काय काय?

एकाने विचारलंय की सिंगापूरहून सुटणाऱ्या ४ रात्रींच्या क्रूझवर 'सगळं धरून' लिहिलंय, तर दोन मोठे, दोन मुलं यांना वरखर्च किती ठेवावा.

त्या 'सगळं'मध्ये बहुधा केबिन, बुफे, मुख्य डायनिंग हॉल आणि शो एवढंच बसतं. कोल्ड्रिंक, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. खरा फटका टिपचा. ती माणशी, दर रात्री लागते आणि बहुतेक कंपन्या मुलांचीही मोठ्यांइतकीच घेतात. १६ डॉलर धरले तरी ४ × ४ × १६ = २५६ डॉलर. बुकिंगच्या आकड्यात ती आहे का, हे लेखी विचारा.

'चौघांची केबिन' यात दोन पलंग छतातून किंवा भिंतीतून खाली ओढायचे असतात. लहानग्याला वर झोपवता येत नाही, आणि रात्री शिडी लावली की बाथरूमला जायची वाट अडते. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाचा मजल्यांप्रमाणे नकाशा, बघूनच केबिन घ्या.

जहाज पेनांग (मलेशिया) आणि फुकेत (थायलंड) करून परत सिंगापूरलाच येतं, म्हणून भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा मल्टिपल एन्ट्री व्हिसाच हवा.

टॅग लावून दिलेल्या बॅगा केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली नेऊ नका, काढून घेतात. डायपरमधल्या बाळाला बहुतेक जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर असला तरी. आणि फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रातलं रोमिंग खिसा कापतं.