अनुभव धागा : मंडळीत सिनेमा लावून श्रद्धेवर बोलायचं, तर कसं? (कोल्हापूर-मिरज)

रंकाळाकाठ :
उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) चर्चच्या तरुण संघासाठी सिनेमा लावायचा आणि मग बोलायचं. कोणता लावावा, काय बिघडतं, हे करून बघितलेल्यांनी लिहा. "छान झालं, सगळे रडले" एवढंच असेल तर नको. फाळक्यांना सिनेमा काढावासा वाटला तो ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून, आणि आपण तर चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या गावचे.

पडद्यामागचा :
पाझोलिनीचा मत्तयकृत शुभवर्तमानावरचा चित्रपट लावा. १९६४, कृष्णधवल, इटालियन, १३७ मिनिटं. दिग्दर्शक स्वतःला नास्तिक म्हणवणारा, नट बहुतेक हौशी. संवाद जवळजवळ सगळे मत्तयातलेच, त्यामुळे मराठी सबटायटल आपल्या पवित्र शास्त्रावरूनच तयार होतात. पण अध्याय सलग चिकटवू नका. त्याने बरंच गाळलंय, क्रमही हलवलाय. आधी इंग्रजी सबटायटल समोर ठेवून प्रत्येक ओळीला वचन क्रमांक लावून घ्या, मग मराठी भरा. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण पस्तीस अक्षरं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू भराभर बोलतो, तिथे अख्खं वचन मावत नाही. मधलं गाळा, पण "धन्य" आणि "कारण" ठेवा.

सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावलात तर जोडाक्षरं फुटून "ख्रिस्त"चं भलतंच होतं. लॅपटॉपवरून व्हीएलसी प्लेअरने लावा.

दुसरी गोची म्हणजे घसरण. चित्र सेकंदाला २४ फ्रेमचं आणि सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीचं असेल, तर सुरुवातीला सगळं जुळतं आणि तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसीच्या 'जी' आणि 'एच' बटणांनी हे सुधारत नाही, ती सगळ्या ओळी सारख्याच सरकवतात. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदला, आणि तपासताना शेवटची वीस मिनिटं बघा.

तांबडा_पांढरा :
एवढा खटाटोप कशाला? लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला १९७९ चा 'जीझस' मराठीत डब झालेला आहे की. म्हातारी माणसंही बसतात.

पडद्यामागचा :
बसतात, खरंय. पण त्यात सगळं समजावून सांगितलेलं असतं, नंतर विचारायला उरत नाही. संडे स्कूलला तो उत्तम.

शेवटचा_बाक :
चर्चमध्ये बाक सपाट जमिनीवर असतात, सबटायटल पुढच्याच्या डोक्याआड जातात. पडद्याची खालची कड निदान पाच फुटांवर घ्या. दगडी भिंती आणि उंच छपरात आवाज घुमतो. पुढे दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा मध्यावर दोन्ही बाजूंना छोटे, कानाच्या उंचीवर ठेवा आणि बेस उतरवा. एप्रिलात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, साडेसातच्या आत सुरू केलंत तर पडदा पांढराफटक. आणि घरगुती डीव्हीडीत जाहीर प्रदर्शनाचा हक्क येत नाही. चर्चचा कार्यक्रम आहे, तिकीट नाही, म्हणून चालतं असं समजू नका. परवानगी लेखी घ्या.

कसबा_बावडा :
चर्चेचं लिहितो. पाळकसाहेबांना पहिलं बोलू देऊ नका (माफी असावी). ते बोलले की बाकीचे "आमेन" म्हणून मोकळे. आधी फक्त "काय दिसलं" विचारा, "अर्थ काय" नंतर. मग चार-पाच मिनिटांचा एकच प्रसंग पुन्हा लावा. 'बाबेट्स फीस्ट' (१९८७, डॅनिश) असेल तर जेवणाचा. टेबलावर बारा जण आहेत हे सांगू नका, मोजू द्या. कोणीतरी प्रभुभोजनावर (येशूचं बारा शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण) येतंच. नाही आलं तर घाई नको, जेवण रांधणाऱ्या बाबेटने आपले सगळे पैसे एका जेवणावर का उधळले एवढंच विचारा. कृपेवर बोलणं तिथून आपसूक सुरू होतं.

हिंदू-मुसलमान मित्र येणार असतील तर निमंत्रणातच "सिनेमा आणि चर्चा" लिहा, आणि शेवटी प्रार्थना ठेवायची असेल तर तेही. ऐनवेळी प्रार्थना जोडली की माणूस पुढच्या वेळी येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

रंकाळाकाठ :
पडद्यामागचा, मत्तय ५ ते ७ च्या (डोंगरावरच्या प्रवचनाच्या) भागाची वचन क्रमांक लावलेली यादी इथे टाकता येईल का?