शाळेच्या सकाळी पोट दुखतं, तपासण्या नॉर्मल. पुढे काय?

वर्गशिक्षिका_सातवी: नमस्कार. ११ ते १४ वयाच्या काही मुलांचं शाळेच्या सकाळी पोट किंवा डोकं दुखतं, सुट्टीच्या दिवशी काही नाही. तपासण्यांत काही निघत नाही, मग घरचे म्हणतात नाटक करतो. दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं तर मुलं चिडतात. शिक्षकांनी, पालकांनी नेमकं काय करावं?

बालरोग_ओपीडी: आधी 'नाटक' हा शब्द सोडा. दुखणं खरं असतं. ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवलीही नसती अशी ओढ मेंदूला दुखणं म्हणून कळते. ते रक्ताच्या तपासणीत किंवा सोनोग्राफीत दिसणार कसं? कुठे दुखतं विचारलं की अशी मुलं बहुधा बोट ठेवत नाहीत, बेंबीभोवती तळवा फिरवतात.
मात्र दुखण्याने रात्री जाग येणं, वजन घटणं, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, ताप, खुंटलेली उंची, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, यातलं एक जरी असेल तर ताणावर ढकलू नका. पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

शालेय_समुपदेशक: श्वासाचं तंत्र फसतं ते वेळ चुकल्यामुळे. छाती धडधडत असताना पहिल्यांदाच सांगितलं तर मूल भराभर मोठे श्वास घेतं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. म्हणून शांत असतानाच शिकवा, रोज ५ मिनिटं, निदान दोन आठवडे. ४ आकडे मोजत नाकाने आत, ६ मोजत बाहेर. श्वास मोठा नको, सावकाश हवा.
आणि तेवढ्याने भागत नाही. मुलासोबत बसून कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे त्याच्या हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं. 'गणित जमत नाही' हे डावीकडे, पण तसंच लिहून उपयोग नाही. 'छेद वेगळे असले की बेरीज अडते, उद्या मधल्या सुट्टीत बाईंना दोन उदाहरणं विचारायची' इतकं बारीक करा. आईबाबांची भांडणं उजवीकडे. त्यावर मुलाने तोडगा काढायचा नसतो. तिथे सोबत, खेळ, मन रमवणं हेच योग्य. वर्गात कोणी छळत असेल तर 'लक्ष देऊ नकोस' म्हणून ते मुलावर टाकू नका. ते थांबवणं मोठ्यांचं काम.

वर्गशिक्षिका_सातवी: खूप उपयोगी, आभार. फार दुखत असेल त्या दिवशी घरी राहू द्यावं का?

शालेय_समुपदेशक: वरची लक्षणं नसतील तर शक्यतो नको. घरी राहिलं की तासाभरात बरं वाटतं, आणि उद्याची सकाळ आणखी जड होते. खूपच अडलं तर पहिले दोन तास तरी यावं, मग दर दोन-तीन दिवसांनी एक तास वाढवावा. शाळेत दुखलं तर १० मिनिटं शांत जागी बसून परत वर्गात. घरी थांबलंच तर मोबाइल, टीव्ही बंद.

बालरोग_ओपीडी: झोपेचंही पाहा. १२ वर्षांपर्यंत ९ ते १२ तास, १३ पासून ८ ते १० तास लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे 'लवकर झोप' म्हणून झोप येत नाही. उठण्याची वेळ सुट्टीतही फार बदलू नका, फोन रात्री खोलीबाहेर ठेवा.
एक राहिलं. मूल 'मी नसलेलंच बरं' असं काही बोललं तर स्वतःला इजा करण्याचे, मरण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.