'हॉलर'ला मराठीत काय म्हणावं?

माळरान :
अमेरिकन गायक टायलर चाइल्डर्सवर टिपण लिहिते आहे. तो पूर्व केंटकीतल्या लॉरेन्स काउंटीचा, घरात कोळशाच्या धंद्याची कमाई. 2017च्या 'पर्गेटरी' अल्बममुळे नाव झालं. त्या मुलखाबद्दल लिहायचं तर 'हॉलर' हा तिथल्या डोंगरवस्तीचा शब्द टाळता येत नाही. मी 'दरी' लिहिलं, संपादकांनी 'आरोळी' केलं. दोन्ही पटत नाही.

सुतारपक्षी :
आरोळीचा 'हॉलर' निराळा. हा मुळात 'हॉलो'. शेवटच्या 'ओ'चा तिकडे 'अर' होतो : फेलोचा फेलर, विंडोचा विंडर. तिथलीच गायिका लॉरेटा लिन, तिचं गाव 'बुचर हॉलर' नकाशात 'बुचर हॉलो' आहे.
'दरी'त अडचण वस्तीची. हॉलर म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधली चिंचोळी पट्टी. तळाला ओढा, ओढ्यालगत एकच रस्ता, रस्त्याकडेने घरांची ओळ. मोठ्या रस्त्याला मिळते ते तोंड, डोंगराला टेकते ते डोकं. आत गेलेली गाडी त्याच वाटेने बाहेर येते. घरं बांधायला सपाट जागा ओढ्याकाठीच, म्हणून पाणी चढलं की घर आणि रस्ता एकदमच जातात. जुलै 2022च्या पुरात तेच झालं.

बोरूबहाद्दर :
मग 'खिंड' बाद, ती दोन्हीकडे उघडी. 'नाळ' ही चढउताराची वाट, बोराट्याची नाळ घ्या. घळीत कुणी घर बांधत नाही. 'खोरं' जवळचं, पण कानद खोरं काय किंवा मोसे खोरं काय, एकेका खोऱ्यात कितीतरी गावं बसतात. जुन्नरकडचं 'नेर', म्हणजे नदीकाठचा मुलूख, का घेत नाही? कुकडनेर, मीननेर, भीमनेर. आपला शब्द आहे, वापरला तरच जगेल.

पाणवठा :
नेरसुद्धा अख्ख्या नदीचं, आकाराची अडचण तीच राहते. शिवाय पुण्याबाहेर किती जणांना कळेल? वाचकाला आधी नेर समजवा, मग केंटकी. 'हॉलर'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ओढ्याकाठची, एका तोंडाची डोंगरवस्ती' एवढं जोडा. बँजो चालतो, काउंटी चालते, मग हॉलरनेच काय घोडं मारलंय?

बोरूबहाद्दर :
बँजो ही वस्तू आहे, तिला नाव नव्हतं. डोंगर आणि ओढे आपल्याकडे आहेत, त्यांना नावंही आहेत. असलेलं नाव बाजूला ठेवून उसनं घेणं मला मान्य नाही.

खडीसाखर :
माळरान, चाइल्डर्सच्या बँडचं नाव 'द फूड स्टँप्स'. त्याचं 'रेशनकार्ड' करू नका. रेशन म्हणजे रेशनच्या दुकानातून ठरलेलं धान्य. फूड स्टँप म्हणजे सरकारने दिलेली खरेदीची रक्कम, पूर्वी कागदी कुपनं, आता कार्ड. योजनेतल्या कुठल्याही किराणा दुकानात चालते. दूध, मटण, भाजी काहीही घ्या, पण साबण किंवा सिगारेट नाही. गरिबीची खूण बँडच्या नावात लावायची, हा त्यातला ताठा आहे. तो तळटीपेत सांगावाच लागेल.

सुतारपक्षी :
तसाच ताठा 'रेडनेक' (शब्दशः 'लाल मान', तिकडच्या गरीब गोऱ्यांना लावतात तो शब्द) यामध्ये. त्याला 'गावंढळ' लिहिलं की फक्त शिवी उरते.

पाणवठा :
रेडनेक आला खाणकामगारांकडून. 1921मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर माउंटनच्या लढ्यात त्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधले होते.

सुतारपक्षी :
रुमाल खरे, उगम तो नाही. 1890च्या दशकात मिसिसिपीत गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना हा शब्द लावत होते. उन्हात राबून मान भाजते, त्यावरून. खाणकामगारांनी नंतर तो अभिमानाने घेतला.

बोरूबहाद्दर :
तर 'रांगडा'. माळव्यातल्या रांगडी बोलीशी त्याचं नातं असावं असं मला वाटतं. 'गावरान' नको, ते कोंबडीला आणि बियाण्याला.

खडीसाखर :
रांगडा आवाजाला शोभतो, जातकुळीला नाही. आणि चाइल्डर्सच्या बाबतीत लेबलं जपूनच लावा. 2018मध्ये अमेरिकाना (लोकसंगीत, कंट्री, ब्लूज यांच्या मिश्रणाला दिलेलं नाव) पुरस्कार घेताना त्याने त्या लेबलालाच मंचावरून नकार दिला आणि स्वतःला कंट्री गायक म्हणवलं. 'लोकगायक' लिहिलंत तर त्याने नाकारलं तेच त्याच्या गळ्यात मारल्यासारखं होईल.

माळरान :
आणि उच्चारांचं काय? त्याच्या गाण्यांच्या ओळी अहिराणीत उतरवू का?

पाणवठा :
मुळीच नको, तो थेट धुळ्याचा होईल. त्याचा हेल स्वरांत आहे : 'टाइम'चा 'टाऽम', 'राइट'चा 'राऽट'. अमेरिकेच्या दक्षिणेत इतरत्र 'टाऽम' ऐकू येतो, पण 'ट'च्या आधी बऱ्याच ठिकाणी 'आइ' टिकतो. डोंगरात तिथेही जातो. हे एका वाक्यात सांगा आणि ओळी साध्या मराठीत द्या.

बोरूबहाद्दर :
साध्या म्हणजे पुण्याच्या? मग त्याचं डोंगरातलं असणं गेलंच की. अहिराणी नको तर मावळी घ्या, निदान डोंगर तरी राहील.