मदत हवी आहे: तोंड किती मिमी उघडलं ते मोजता येतं, ठेचा खाववतो का ते कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी. ओरल मेडिसिनमध्ये (तोंडाच्या आजारांची शाखा) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, करून दीड वर्ष झालं. एका ग्रामीण दंत महाविद्यालयात लेक्चरर आहे. ओपीडीत सबम्युकस फायब्रोसिसचे (सुपारी-गुटख्याने तोंडाचं आतलं अस्तर घट्ट होतं, तोंड उघडेनासं होतं, तिखट झोंबतं, तो आजार) रुग्ण रोजचेच. (गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणे!)

प्रबंधही याच आजारावर होता. विषय सरांनी दिला, नमुनासंख्या आधीच्या बॅचकडून उचलली, आकडेमोड पैसे देऊन करून घेतली. घट्ट झालेलं अस्तर सैल करायला हायलुरोनिडेजची इंजेक्शनं, आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायचा व्यायाम आणि दर भेटीला व्हर्नियर कॅलिपरने तोंड किती उघडतं त्याचं माप. सरासरी ४ मिमी वाढ, पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे पाहायचा आकडा) झकास. शेवटच्या भेटीला एक काका म्हणाले, "मॅडम, तोंड उघडतंय जरा, पण ठेचा-भाकर काही खाववत नाही. मग बरं काय झालं?" प्रबंधात त्यासाठी रकानाच नव्हता. शिवाय ६० पैकी २३ जण सोयाबीनची काढणी लागल्यावर फिरकलेच नाहीत. त्यांना मी मुकाट्याने वगळलं. ते चुकीचं होतं हे फार उशिरा कळलं.

आता पहिला स्वतःचा अभ्यास रुग्णाच्या तक्रारीपासून सुरू करायचाय. ओएचआयपी-१४ (तोंडाच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणारी १४ प्रश्नांची प्रश्नावली) वाचली, तिच्यात तिखटाचं नावही नाही. घरी लहान मूल, त्यामुळे नोकरी सोडून पीएचडी जमणार नाही. हे शिकायचं कुठे? विभागात विचारलं की "आधी पेपर काढ" एवढंच ऐकायला मिळतं.

प्रतिसाद (पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री, १२ वर्षं शिकवतोय):
ओएचआयपी ऑस्ट्रेलियात घडली, तिखट कुठून येणार! पण सबम्युकस फायब्रोसिससाठी जीवनमानाची खास प्रश्नावली आपल्या विदर्भातल्याच संशोधकांनी केली आहे, ती आधी शोधा. नवी करायला निघालात तर वर्षं जातात.

शिकण्यासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चेन्नईच्या एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च घरबसल्या करता येतो. अभ्यासाची रचना, नमुनासंख्या, नीतिनियम सगळं त्यात आहे. रुग्णाशी बोलणं मात्र नाही. ते दातांची खुर्ची बाजूला सारून, स्टुलावर बसूनच येतं. पहिल्याच फटक्यात औषधाची ट्रायल नको. आठ-दहा जणांना नुसतं विचारा, जेवताना काय अडतं? पुढे ट्रायल केलीत तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणी हवीच. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेत नाहीत. नोंदणीला पैसे पडत नाहीत. मुख्य निष्कर्ष कोणता मोजणार ते तिथेच लिहावं लागतं, म्हणजे नंतर सोयीचा आकडा पुढे करायचा मोह टळतो. आणि गळालेले रुग्णही विश्लेषणात धरायचे असतात. निदान किती गळाले, का गळाले, हे तरी छापा.

मूळ लेखिका:
खूप आभार सर. त्या २३ जणांचे नंबर कच्च्या वहीत आहेत अजून. का आला नाहीत, एवढं फोनवर विचारलं तर चालेल? की त्यालाही एथिक्स कमिटी?

प्रतिसाद:
अभ्यासात वापरणार असाल तर कमिटी लागणारच. आणि परवानगी मिळाली तरी फोन काढणी उरकल्यावर करा.