शब्दचर्चा : ‘नज’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (राजारामपुरी, कोल्हापूर)

लहान दुकानदारांसाठी ग्राहकाच्या निर्णयप्रक्रियेविषयी एक मराठी पुस्तिका लिहिण्याचे काम मी हाती घेतले असून त्यात ‘नज’, ‘अँकरिंग’, ‘लॉस अ‍ॅव्हर्जन’ या वर्तनशास्त्रातील संज्ञा वारंवार येतात. ‘नज’ ही, म्हणजे सक्ती न करता माणसाचे वागणे वळवण्याची, संज्ञा अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि कायदेतज्ज्ञ कॅस सन्स्टाइन यांच्या २००८ च्या पुस्तकामुळे रूढ झाली. तिच्यासाठी ‘कोपरखळी’ आणि ‘सौम्य धक्का’ हे पर्याय सुचवले जातात, परंतु दोन्ही मला खटकतात. जाणकारांनी योग्य शब्द सुचवावा आणि त्यामागची कारणेही द्यावीत, ही विनंती.

उत्तर (शाहूपुरी)

‘कोपरखळी’ निश्चितच टाळावी. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कोपराने हळूच ढोसणे असा आहे खरा, पण मराठीत कोपरखळी मारली की त्यात टोमणा येतो आणि ती ज्याला बसते त्याला बहुधा कळतेही. थेलर-सन्स्टाइन यांच्या कल्पनेत टोमणा नाही. त्यांची अट अशी की कोणताही पर्याय बंद करू नये, आर्थिक लाभ-हानीत लक्षणीय बदल करू नये आणि ज्याला ते टाळायचे असेल त्याला ते सहज टाळता यावे. एवढे पाळून केवळ पर्यायांची मांडणी बदलल्याने माणसाचे वागणे अपेक्षित दिशेने बदलत असेल, तरच त्याला ‘नज’ म्हणावे. उपाहारगृहात फळे डोळ्यांसमोर मांडली तर ते ‘नज’ झाले, वडा बंद केला तर नाही.

मांडणीचा परिणाम किती मोठा असतो, हे जॉन्सन आणि गोल्डस्टाइन या संशोधकांनी २००३ मध्ये अवयवदानाच्या संमतीविषयी दाखवलेल्या फरकावरून कळते. जर्मनीत संमती स्वतःहून नोंदवावी लागत असे आणि तेथील प्रमाण सुमारे १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर संमती गृहीत धरली जाई आणि तेथे ते ९९ टक्क्यांच्या वर होते. (हे आकडे संमतीचे आहेत, प्रत्यक्ष दानाचे नव्हेत, पुस्तिकेत हा भेद अवश्य ठेवावा.) या माणसांना कोणी धक्का दिला नव्हता, त्यामुळे ‘सौम्य धक्का’ही येथे बसत नाही.

माझ्या मते मराठीकडे या प्रांतातील शब्दांची एक चढती भाजणी आधीपासूनच आहे. कारणे देऊन ‘मन वळवतात’. ऐकणाऱ्याला फारसा विचार करू न देता ‘गळी उतरवतात’. आणि नको असलेली वस्तू ‘गळ्यात मारतात’. नवा शब्द या भाजणीत कोठे बसतो, ते आधी ठरवावे. ‘नज’ मला पहिल्या पायरीच्याही अलीकडे दिसतो, कारण त्यात बोलणेच नसते. म्हणून मी ‘कल देणे’ सुचवतो. शेतात दारे धरणारा, म्हणजे पाटाचे पाणी वाफ्यांत वळवणारा, माणूस पाणी ढकलत नाही, फक्त वाट मोकळी करून देतो. तसाच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

उत्तर (महाद्वार रोड)

मी कापडाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे पेढीवरच्या अनुभवातून लिहितो. दाऱ्याचा दाखला मला पटला नाही, कारण पाण्याला नकार देता येत नाही आणि आपल्याच व्याख्येनुसार गिऱ्हाइकाला तो देता आला पाहिजे. ‘कल देणे’ हा शब्द मात्र चालेल.

‘अँकरिंग’साठी काही भाषांतरांत ‘नांगर टाकणे’ येते, त्याला माझी सक्त हरकत आहे. समुद्रकाठी ते ठीक असेल. पंचगंगेच्या काठी नांगर म्हटला की शेत आणि बैल आठवतात. कल्पना साधी आहे. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या लेखातील प्रयोगात लोकांसमोर एक आकड्यांचे चक्र फिरवले गेले आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती, हे विचारले गेले. चक्रावर १० आला त्यांच्या उत्तरांचा मध्यांक २५ टक्के होता, ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नसताना हे घडले. याला ‘पहिल्या आकड्याचा पगडा’ म्हणावे, कारण पगडा बसलेल्याला तो जाणवत नाही. बाजारात आम्ही ‘सांगायचा भाव’ आणि ‘द्यायचा भाव’ असे दोन भाव मानतो, त्यातील पहिल्याचे काम हेच आहे. छापील किंमत खोडून खाली नवी लिहिण्यातही तेच चालते.

दुसरा शब्द ‘भीड’. गिऱ्हाईक बसले की चहा सांगितला जातो, वीस साड्या उलगडल्या जातात, आणि मग रिकाम्या हाताने उठणे त्याला जड जाते. डेनिस रीगन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना सहकाऱ्याने न मागता शीतपेय आणून दिले त्यांनी त्याच्याकडून सोडतीची तिकिटे जवळजवळ दुप्पट घेतली. इंग्रजीतील ‘रेसिप्रॉसिटी’साठी ‘परस्परता’ लिहिले जाते, पण परस्परतेत दोघे समान वाटतात. भिडेत एक जण अडकलेला असतो. दुकानदारांच्या पुस्तिकेत तरी भीडच लिहावी. मात्र एक विनंती आहे: चहा पाजणारा प्रत्येक व्यापारी माल गळ्यात मारतो, असा सूर त्यात येऊ नये. आमच्याकडे चहा पिऊन हसत निघून जाणारेही पुष्कळ आहेत, आणि तेच पुन्हा येतात.

उत्तर (पेठ वडगाव)

पगड्यावरून सुचले. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर पडत नाही. त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनावर आधीच्या बोलीचा पगडा बसत नाही. दलालाचा स्वार्थ त्यात असतोच, तो भाग वेगळा.

उत्तर (शाहूपुरी)

दाऱ्याचा दाखला मागे घेतो. ‘लॉस अ‍ॅव्हर्जन’विषयी थोडे राहिले आहे. ‘हानिविमुखता’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु त्यातून फक्त तोंड फिरवणे कळते, मनाला लागणारा चटका कळत नाही. कानेमन-ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या आणि १९९२ मध्ये विस्तारलेल्या सिद्धान्तानुसार गमावण्याचे दुःख तेवढ्याच कमाईच्या आनंदापेक्षा सुमारे दुप्पट भरते. ‘हातचे जाण्याची धास्ती’ हे लांबलचक आहे, पण ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ ही पाटी नेमकी कशावर बोट ठेवते, हे त्यावरून दुकानदाराला लगेच कळेल. शास्त्रीय लेखासाठी ‘हानिविमुखता’ आणि पुस्तिकेसाठी ‘धास्ती’, अशी विभागणी करण्यात मला गैर वाटत नाही.

थेलर यांनी २०१८ मध्ये ‘नज’च्या विरुद्ध बाजूला ‘स्लज’ म्हटले आहे: माणसाला त्याच्या हिताची गोष्ट करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे. त्याचे ‘गाळ’ असे भाषांतर मी पाहिले आणि मला रंकाळाच आठवला. यासाठी ‘खोडा घालणे’ याहून चांगला शब्द नाही. वर्गणी एका बोटाने सुरू होते आणि बंद करण्यासाठी तीन पाने, दोन फोन आणि एक अर्ज लागतो, तो खोडाच.

विचारणा करणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. ‘कल देणे’, ‘पगडा’, ‘भीड’, ‘धास्ती’ आणि ‘खोडा’ हे शब्द घेत आहे. प्रथम उल्लेखात इंग्रजी संज्ञा देवनागरीत देईन.

एक अडचण उरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयी, मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या आणि अशा तेरा प्रकारांची यादी दिली. ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्या आपल्या चप्पल व्यावसायिकांनाही त्या लागू होतात, म्हणून पुस्तिकेत ती यादी हवीच. ‘फॉल्स अर्जन्सी’ला ‘खोटी घाई’ आणि न विचारता टोपलीत टाकलेल्या वस्तूला ‘गुपचूप भर’ म्हणता येईल. परंतु ‘नको’ म्हणण्याच्या बटणावर ‘मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे लिहून ग्राहकाला ओशाळे करणे, ज्याला ‘कन्फर्म शेमिंग’ म्हणतात, त्यासाठी माझ्याकडे शब्द नाही. ‘भीड घालणे’ जवळ जाते, पण भिडेत समोर माणूस लागतो आणि येथे फक्त पडदा आहे. महाद्वार रोडवरील आपल्याला काही सुचते का?