एन्टँगल झालेले फोटॉन डोळ्यांसमोर आणायचे कसे?

टेकडीवरची:
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एन्टँगलमेंट, म्हणजे दोन कणांच्या (उदा. फोटॉन, प्रकाशाचे कण) मापनांचे निकाल एकमेकांशी जुळलेले असणं, म्हटलं की सगळे चपलांचा जोड सांगतात. एक खोका पुण्यात, दुसरा नागपुरात. पुण्यात डावी निघाली की नागपुरात उजवी. हे तर कुणालाही कळेल! मग आइनस्टाइनला त्यात खटकलं काय? आणि नेमकं चित्र कशाचं काढायचं?

प्रकाशवेडा:
चपलेचं डावं-उजवं खोक्यात घालतानाच ठरलेलं असतं. कणांचंही तसंच असणार, म्हणजे क्वांटम सिद्धांत अपुरा आहे, असं आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ साली मांडलं. हे तपासून बघता येतं हे जॉन बेलने १९६४ मध्ये दाखवलं. मला तो अख्ख्या भौतिकशास्त्रातला सगळ्यात देखणा युक्तिवाद वाटतो.

वहीत तीन रकाने आखा: उणे ३०, शून्य आणि अधिक ३० अंश. पोलरायझर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच पार होऊ देणारी चकती) त्या कोनात असला तर फोटॉन पार होईल की अडेल, ते १०० जोड्यांसाठी आधीच लिहून टाका. जोडीतल्या दोन्ही फोटॉनांना तीच ओळ लागू, कारण दोन्हीकडे कोन एकच ठेवला तर निकालही एकच येतो. कोनात ३० अंशांचा फरक पडला की निकाल १०० पैकी २५ वेळा जुळत नाही. म्हणून पहिला-दुसरा आणि दुसरा-तिसरा रकाना प्रत्येकी २५ ओळींत वेगळा ठेवा. आता पहिला आणि तिसरा किती ओळींत वेगळे निघतील? काहीही करा, ५० च्या वर जाणार नाही. क्वांटमचं गणित मात्र ६० अंशांना ७५ सांगतं.

नवखा_७:
आणि प्रयोग काय म्हणतो?

प्रकाशवेडा:
प्रयोग क्वांटमच्या बाजूने. क्लाउझर आणि फ्रीडमन, १९७२. मग १९८२ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्से इथे अ‍ॅस्पे यांनी फोटॉन वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलली. क्लाउझर, अ‍ॅस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. म्हणजे एका बाजूचा कोन दुसऱ्या बाजूला पोचत नसेल, तर आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांची वही चालत नाही.

नवखा_७:
मग याने प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडता येईल?

प्रकाशवेडा:
नाही. आमच्या प्रयोगशाळेत ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिकांवर सोडतो, त्यातून ८१० नॅनोमीटरच्या एन्टँगल झालेल्या फोटॉनांच्या जोड्या निघतात. पडद्यावर तीन आकडे पळत असतात: डाव्या डिटेक्टरने (फोटॉन टिपणाऱ्या यंत्राने) किती फोटॉन टिपले, उजव्याने किती, आणि दोन्हींनी एकदम किती. डावीकडचा पोलरायझर सावकाश फिरवा. उजवा आकडा ढिम्म हलत नाही, त्यामुळे तिकडच्या माणसाला काही कळायचा प्रश्नच नाही. डावाही जवळपास तेवढाच राहतो. वरखाली होतो तो फक्त तिसरा, आणि तो मिळायला दोन्हीकडच्या नोंदी साध्या तारेने एकत्र आणाव्याच लागतात.

टेकडीवरची, कणांचं चित्र काढू नकोस. हे तीन आकडे डोळ्यांसमोर ठेव.